फित्र्याचे माप आणि तराजू

ईदच्या नमाजापूर्वी फित्रा द्यावयाचा हे सर्वांस ठाऊक आहे. पण किती, हा प्रश्न दरवर्षी निघतोच. गोंधळाचे मूळ असे की, शरीअतने सांगितलेला 'साअ' हे वजन नसून माप आहे. चार मुद्द म्हणजे एक साअ. आणि माप एकच असले तरी वजन जिनसेगणिक बदलते. घरातील आया-बहिणींना हे सांगावयास नकोच! लिटरच्या भांड्यात पाणी किलोभर, तेल सुमारे ९२० ग्रॅम, तांदूळ आठशेच्या आसपास, तर सैल भरलेला आटा जेमतेम पाचशे-साडेपाचशे. तोच दाबला की वाढतो. मराठवाड्यातून नामपल्लीत आलेल्या घरांतील पायलीही मापच. तिचे चार शेर वेगळे आणि तराजूचा ऐंशी तोळ्यांचा शेर वेगळा.

हनफी मताने गहू अर्धा साअ. जुन्या हिशेबात तो पावणेदोन शेर धरीत. १९५८ साली मेट्रिक वजने सुरू झाली, तेव्हा शेर ९३३ ग्रॅमचा ठरून त्याचे १ किलो ६३३ ग्रॅम झाले. काही उलमा २ किलो ४५ ग्रॅम सांगतात. आमच्या मते मोठा आकडा धरावा; चारशे ग्रॅम गव्हाने देणाऱ्याचे अडत नाही, घेणाऱ्याची मात्र एक वेळ भागते. जव वा खजूर द्यावयाचा तर पूर्ण साअ.

आटा द्यावयाचा असल्यास तोलूनच द्यावा. गव्हाच्या भांड्याने तो मापला, तर घेणाऱ्याच्या पदरात जवळजवळ तिसरा हिस्सा कमी पडतो.