अंगात वीज उरत नाही

मे संपता संपता दुपारी वळवाचे ढग दाटतात, शेतातली माणसे झाडाखाली आसरा घेतात आणि वीज कोसळते. धावत आलेले लोक मात्र दोन पावलांवर थबकतात. ‘हात लावू नका, अंगात करंट असेल!’ या एका वाक्यापायी मोलाची मिनिटे वाया जातात.

हा करंट येतो कुठून? ढगात बर्फाचे हलके कण आणि जड, मऊ गारा एकमेकांवर आदळतात. त्यात गारांकडे ऋण विद्युतभार जातो, बर्फकणांकडे धन. वारा हलक्या कणांना वर उचलतो, गारा खाली राहतात. ढगाच्या तळाचा ऋणभार जमिनीतल्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटतो आणि खालची जमीन धनभारित होते. भाराचा असा जोर जिथवर जाणवतो, ते त्याचे विद्युतक्षेत्र. निरभ्र दिवशीही जमिनीलगत ते मीटरमागे सुमारे 100 व्होल्ट असते. वादळी ढगाखाली हजारोंवर जाते. उंच टोकांपाशी ते अधिक तीव्र होते, म्हणून एकटे झाड धोक्याचे.

झाडावर पडलेली वीज जमिनीत चोहोकडे पसरते. बुंध्याजवळ व्होल्टेज जास्त, दूर कमी. दोन पायांत अंतर असेल, तर तेवढा फरक शरीरातून वाट काढतो. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठे आणि वाटेत हृदय. म्हणून ती आधी दगावतात. नॉर्वेत 2016 मध्ये एका पठारावर 323 रेनडिअर एकदम मेले, ते बहुधा असेच. उघड्यावर अडकलात तर आडवे पडू नका, पाय जुळवून उकिडवे बसा. अर्थात खरा आसरा पक्के घर किंवा काचा लावलेली मोटार.

विजेचा हा प्रवाह हजारो अँपिअरचा असला, तरी क्षणार्धात जमिनीत जिरतो. माणसाचे शरीर काही बॅटरी नव्हे. तुटलेली तार अंगावर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पुरवठा चालूच असतो, तो बंद केल्याशिवाय हात लावू नये. बहुधा त्याच धास्तीतून हा गैरसमज आला असावा.

वीज पडलेल्याला मात्र लगेच हात लावा. गडगडाट चालू असेल तर आधी आडोशाला न्या, 108 ला फोन करा. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब द्या. हृदय कधी कधी आपोआप सुरू होते, श्वास मागे राहतो. जमत असेल तर तोंडाने श्वासही द्या. अनेक जण पडले असतील, तर कण्हणाऱ्यांकडे नंतर. निपचित पडलेल्याकडे आधी धावा.