तिवरांचा सातबारा

खाडीकाठचं तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. भरतीचं पाणी ज्या वाटेने आत येतं, तिथे मातीचा एक बांध घातला की झालं. पाणी तुटलं की पानं पिवळी पडतात आणि झाडं उभ्याउभ्या वाळतात. मग रात्री-अपरात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होऊ लागतात. काही वर्षांनी तिथे जंगल होतं हे सांगूनही कोणाला पटत नाही. ‘पडीक जागाच तर आहे’ असं उत्तर मिळतं. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि उरणच्या खाड्यांनी हा प्रकार पुष्कळ पाहिला आहे. राज्याचं कांदळवन धोरण घडलं ते याच युक्तीशी झुंजताना.

ज्याच्यासाठी ही झुंज झाली, ते झाड आधी जवळून पाहू. दिवसातून दोनदा बुडणाऱ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि पाणी खारं. तिवराने दोन्हींवर तोड काढली आहे. त्याची श्वसनमुळं चिखलातून सरळ वर येऊन हवा घेतात; जादा मीठ पानांवाटे बाहेर पडतं. कोरड्या दिवसांत पानावरून जीभ फिरवली तर खारट चव लागते. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखा लांबट हिरवा कोंब फांदीला लोंबत राहतो आणि तयार झाला की गळून चिखलात रुततो, नाहीतर पाण्याबरोबर दूर कुठेतरी जाऊन मूळ धरतो. या मुळांच्या गुंत्यात कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात, चिंबोऱ्या बिळं करतात, निवट्या चिखलावरून उड्या मारतात. कांदळ गेलं की खाडीतली मासळी आटते, हे कोळीवाड्यात कोणाला शिकवावं लागत नाही.

कागदावर संरक्षण 1991 पासून होतं. त्या वर्षीच्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने कांदळवनांना सर्वांत कडक वर्गात घातलं. पण नियम दिल्लीचा आणि जमिनीची नोंद तहसील कचेरीतली! यातली बरीचशी जमीन महसूल खात्याची किंवा सिडकोसारख्या संस्थांची. झाडं जंगलाची असली तरी जमीन वनखात्याची नव्हती. त्यामुळे कोणी बांध घातला तर वनरक्षकाने कोणत्या अधिकाराने अडवायचं, हा प्रश्न होता.

ही कोंडी फोडली नागरिकांनी. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ या संस्थेने 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ती चालू असतानाच 26 जुलै 2005 चा प्रलय आला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीकाठच्या भरावांची चर्चा घराघरांत पोहोचली. 6 ऑक्टोबर 2005 रोजी न्यायालयाने राज्यभरातल्या कांदळतोडीवर बंदी घातली, कांदळवनांपासून 50 मीटरच्या आतली बांधकामं थांबवली, उपग्रहाच्या साहाय्याने नकाशे करायला सांगितले आणि शासकीय जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून जाहीर करायला लावली.

यातला शेवटचा आदेश वाचायला रूक्ष वाटतो, पण खरी कळ तिथेच होती. वन जाहीर करायचं म्हणजे महसूल आणि वन खात्याने संयुक्त मोजणी करायची, गट क्रमांक ठरवायचे, भारतीय वन अधिनियमाखाली अधिसूचना काढायची आणि सातबाऱ्यावर तशी नोंद घ्यायची. हे काम वर्षानुवर्षं चाललं. 2012 मध्ये राज्याने वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला. सुरुवातीच्या वर्षांत त्याची धुरा एन. वासुदेवन या वनाधिकाऱ्यांकडे होती. 2015 मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेलं. मधल्या काळात, 17 सप्टेंबर 2018 रोजी, उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला: कांदळवन नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड अटळ असेल तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. 2020 मध्ये पांढरी चिप्पी ही राज्याची कांदळ प्रजाती ठरली.

फळ काय मिळालं? भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात 2013 साली राज्यातलं कांदळवन 186 चौरस किलोमीटर होतं, 2021 साली 324. ही सगळी वाढ संरक्षणाची नाही. खाड्यांत साठलेला गाळ आणि सुधारलेली उपग्रह-मोजणी यांचाही त्यात वाटा आहे. तरीही देशातल्या सर्वांत महागड्या जमिनीला खेटून हे जंगल टिकलं, हे लहान यश नव्हे.

नुसत्या बंदीने माणसं जोडली जात नाहीत, हेही शासनाच्या ध्यानात आलं. 2017 पासून किनाऱ्यावरच्या गावांना खेकडापालन, कालवंपालन, जिताड्याचं पिंजरापालन आणि निसर्ग पर्यटन यांसाठी साहाय्य मिळू लागलं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. जंगल उभं राहिलं तरच त्यांचा धंदा चालतो.

आता सगळा भार परवानगीच्या दारावर आला आहे. बुलेट ट्रेनसाठी आधी 53 हजारांवर कांदळवृक्ष जाणार होते. आराखडा बदलून तो आकडा सुमारे 22 हजारांवर आला आणि डिसेंबर 2022 मध्ये न्यायालयाने तोडीला संमती दिली. निम्म्याहून अधिक झाडं वाचली, हे खरं. पण तोडलेल्याच्या बदल्यात दुसरीकडे लावलेलं रोप त्या खाडीचं मासळीचं पाळणाघर परत आणत नाही. प्रत्येक प्रकल्प ‘सार्वजनिक हिताचा’ ठरू लागला तर अपवादाचाच नियम होईल.

म्हणून वाचकांना एकच विनंती. तुमच्या गावाजवळच्या, वसाहतीमागच्या कांदळवनाचा गट क्रमांक शोधा, त्याचा सातबारा काढून पाहा. त्यावर वनाची नोंद नसेल तर तहसीलदारांकडे आणि कांदळवन कक्षाकडे लेखी अर्ज द्या. भरतीची वाट बुजवलेली दिसली तर तारीख आणि जागेसह छायाचित्र जोडून तक्रार करा, आणि झाडं वाळायच्या आत करा. वाळल्यानंतरची तक्रार फक्त पंचनाम्याच्या कामाची.