आत्याला काय झालं होतं?

कडा असो की बीडच्या आष्टी तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, आईवडील-भावंडांत कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार? छातीत गाठ लागते का, हेही त्यात आहे. घराण्यात कॅन्सर होता का, हे मात्र नाही. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ नाही.

टाटा रुग्णालयानं १९९८पासून मुंबईत दीड लाख बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. आनुवंशिक कॅन्सर बहुधा गाठतो तो याच तरण्या बायकांना.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं पेशीतल्या तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करतात. त्यातलं एक बिघडलेलं मिळालं, तर जन्मभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता निम्म्यावर किंवा त्याहून वर जाते. अंडाशयाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो. हा दोष वडिलांकडूनही येतो. वडील स्वतः बहुतेकदा ठणठणीत असतात, आजार होतो आत्याला. आणि फॉर्म भरताना सुनेची माहिती सांगायला सासूबाई पुढे! त्यांना सुनेच्या आत्याचं काय ठाऊक?

बीडमध्ये आणखी एक गुंता आहे. २०१९च्या सरकारी पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तिच्याबरोबर अंडाशयही गेलं असेल, तर त्या घराण्यातली एक खूण कायमची पुसली गेली.

अमेरिकेतल्या ‘विस्डम’ अभ्यासात २८ हजारांवर बायका होत्या. सरसकट दरवर्षी मॅमोग्राफी न करता जनुकं आणि इतर धोके पाहून वेळापत्रक ठरवलं, तरी पुढच्या टप्प्यातले कॅन्सर वाढले नाहीत. जनुकदोष सापडलेल्या सुमारे ३० टक्के बायकांनी मात्र घराण्यात हा आजार असल्याचं सांगितलंच नव्हतं. म्हणजे नुसत्या विचारपुशीवरही भागत नाही.

तरी गावोगाव सगळ्यांचं रक्त तपासा, असं मी म्हणणार नाही. जनुकांचे संदर्भसंच मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. आपल्याकडे ‘बदल आहे, अर्थ लागत नाही’ असा अहवाल बऱ्याचदा हाती पडतो. आधी चाचणी करावी ती आजारी बाईची. तिच्यात दोष सापडला, तर बहिणी, मुली, भाच्या आणि भाऊसुद्धा तेवढ्या एकाच बदलासाठी तपासायचे. त्याला पैसेही कमी लागतात आणि उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं स्पष्ट मिळतं.