शिंगं नसलेला सैतान

उत्तनच्या चर्चमध्ये मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. फादरनी आईबाबांना विचारलं: सैतानाचा, त्याच्या कामांचा, त्याच्या पोकळ आश्वासनांचा त्याग करता का? माझ्या डोळ्यांसमोर शिंगंच आली! पण दोस्तांनो, बकऱ्याच्या खुरांचा तो माणूस चित्रकारांचा. हिब्रूत 'सातान' म्हणजे विरोधक. बायबलमधल्या ईयोबच्या गोष्टीत तो देवाच्याच दरबारात उभा राहून एका भल्या माणसावर संशय घेतो. एदेन बागेतल्या सापाला उत्पत्तीच्या पुस्तकात सैतान म्हटलेलंच नाही. ती ओळख पार शेवटी, प्रकटीकरणात, सात डोक्यांच्या अजगरासोबत येते. आणि मत्तय ४ मध्ये? उपाशी येशूला तो चक्क शास्त्रवचन ऐकवून मंदिरावरून उडी मारायला सांगतो. पोकळ आश्वासन म्हणजे हेच. माझी तर तिथेच टरकते. मैत्रीण मात्र न अडखळता म्हणाली, "करते."