तिथीची पाऊणपट : कातळकिनाऱ्यावरील तीन दिवस

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची समाप्ती होते आणि त्याच सुमारास कोकणचे आकाशही निवळते. दिवाळीची धांदल ओसरलेली असते, वह्यांचे पूजन झालेले असते आणि व्यापारी कुटुंबाला तीन-चार दिवसांची उसंत मिळते. मुलांना समुद्र दाखवण्याचा बेत अशा वेळी अनेक घरांत ठरतो; मात्र तो बहुधा वाळूच्या पुळणीपाशीच थांबतो. वस्तुतः हरिहरेश्वरापासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा केवळ पुळणींचा नाही. येथे डोंगर थेट समुद्रात उतरले आहेत, लाटांनी काळा कातळ कोरून काढला आहे आणि खाड्यांनी वाट जागोजाग तोडली आहे. पायांना कस लावणारा आणि मनाला धीट करणारा हा प्रदेश आहे. तो पाहावयाचा तर आधी तिथी पाहावी लागते.

कोकणातील जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पहाटे आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, हे त्यामागचे कारण. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते; तेव्हा पाणी फार वर चढते आणि ओहोटीला तितकेच खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, तिचा जोर कमी. हा ठोकताळा स्थूल आहे. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत आणि गावातील होडीवाल्यांना विचारावे.

हा हिशेब का महत्त्वाचा, हे हरिहरेश्वरी कळते. देवळामागील टेकडीला वळसा घालणारा प्रदक्षिणामार्ग कातळातील पायऱ्या उतरून थेट लाटांच्या रेषेवर येतो. मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेले खडक आणि समुद्राने सपाट घासलेला कातळ येथे हाताच्या अंतरावर दिसतो. हीच वाट भरतीला पाण्याखाली जाते. लाटेने माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना येथे घडल्या आहेत. म्हणून नियम एकच : ओहोटी चालू असताना उतरावे आणि पाणी फिरण्यापूर्वी परतावे. मुलांना दोन मोठ्या माणसांच्या मध्ये चालवावे, समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढू नयेत आणि हिरव्या शेवाळावर पाऊल टाकू नये.

कार्तिक वद्य तृतीया, चतुर्थी आणि पंचमी हे तीन दिवस या प्रवासाला सोयीचे आहेत. पौर्णिमेच्या उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. तृतीयेला सकाळी हरिहरेश्वराची प्रदक्षिणा करावी. नंतर बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरावे. मोटारही बोटीतूनच पलीकडे जाते. केळशी-हर्णैच्या वाटेने दापोली परिसरात मुक्काम करावा. हर्णैच्या किनाऱ्यावरून समुद्रातील सुवर्णदुर्ग दिसतो.

चतुर्थीला दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीवरील दुसरी फेरीबोट घ्यावी आणि गुहागर, वेळणेश्वर करीत दुपारी हेदवीला पोहोचावे. येथील बामणघळ मात्र भरतीलाच पाहावयाची. कातळातील अरुंद भेगेत लाट शिरते आणि पाण्याचा स्तंभ गर्जना करीत वर उसळतो. चतुर्थीची भरती तीनच्या सुमारास येते. हे दृश्य दूर, कोरड्या खडकावर उभे राहूनच पाहावे. पंचमीला तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडचा किल्ला, मालगुंड येथील केशवसुतांचे स्मारक आणि आरे-वारेचा कड्यावरील रस्ता करीत रत्नागिरी गाठावी. रत्नदुर्गाच्या तटावरून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो.

ओहोटीने उघडा पडलेला कातळ निर्जीव नसतो. खडकाला चिकटलेली कालवे, डबक्यातील समुद्रफुले, भेगांतील खेकडे यांचे ते भरवस्तीचे गाव आहे. रिकामा म्हणून उचललेला शंख पुष्कळदा एखाद्या खेकड्याचे घर असते. यतनेने चालणे येथे दुहेरी उपयोगाचे : पायाखालचा जीव वाचतो आणि कालवांच्या धारदार कडांपासून आपले पायही. मुलांना डबक्याकाठी बसवून पाहू द्यावे. घरी नेण्यास काही उचलू देऊ नये.

भोजनाची व्यवस्था आधी करावी. या दिवसांत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. तेव्हा ताट साडेपाचला वाढले जावे, असे घरगुती खानावळीत आदल्या दिवशीच कळवावे. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असल्याचे स्पष्ट सांगावे. सोलकढीतही लसूण असू शकतो. घावन, नारळाची चटणी आणि आमसुलाचे सार सहज मिळते. सोबत खाखरे आणि उकळून गार केलेले पाणी असले, म्हणजे फेरीबोट चुकली तरी अडत नाही.

ज्यांना कार्तिकात जमणार नाही, त्यांनी फाल्गुनात बाणकोटजवळच्या वेळासला जावे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये तेथे ग्रामस्थांच्या साहाय्याने सागरी कासवांची घरटी राखण्यास सुरुवात केली. अंड्यांतून निघालेली, तळहातावर मावतील एवढी पिल्ले समुद्राकडे चालत जाताना मुलांना पाहावयास मिळतात.

कोणत्याही महिन्यात निघाले तरी वेळापत्रक घरातच तयार होते. आजी-आजोबांना तिथी तोंडपाठ असते आणि नातवंडांना पाऊणपट करता येते. प्रत्येक दिवसाची भरती-ओहोटी त्यांनी मिळून एका कागदावर मांडावी, कोष्टकाशी ताडून पाहावी आणि तो कागद बरोबर ठेवावा. कातळावर परतण्याची वेळ झाली, हे सांगण्याचा अधिकार ज्या मुलाने तो हिशेब केला त्यालाच द्यावा. आणि त्याने सांगताच सर्वांनी उठावे.