संगणकाचा एसएमपीएस निवडताना

शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी महाविद्यालयात पोहोचले, की त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी पहिला संगणक येतो. बहुधा तो सुटे भाग जोडून घेतलेला असतो आणि त्यासाठी आईवडिलांनी पै-पै साठवलेली असते. खरेदीपूर्वी पालक आमच्याकडे येतात. प्रोसेसर कोणता घ्यावा, मेमरी किती असावी, हे आवर्जून विचारतात. एसएमपीएस कोणता घ्यावा, असे मात्र क्वचितच कोणी विचारते. कॅबिनेटबरोबर जो मिळेल तो, अशीच सर्वसाधारण रीत आहे.

या रीतीची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या संगणक कक्षातील एक संगणक धूर सोडून बंद पडला. त्याचा एसएमपीएस जळाला होता आणि त्याच्याबरोबर मदरबोर्ड व हार्डडिस्कही निकामी झाली होती. मुलांनी वर्षभर खपून तयार केलेले प्रकल्प त्या हार्डडिस्कमध्ये होते. जळालेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ अशी ठळक अक्षरे होती. त्याखालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर एवढाच आकडा होता. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजच्या संगणकातील प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक सर्व वीज १२ व्होल्टवरच घेतात. म्हणजे खऱ्या उपयोगाची क्षमता ठळक आकड्याच्या निम्मीही नव्हती.

आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत. यंत्रशास्त्राचा अधिकार सांगत नाही. परंतु कोणताही दस्तऐवज हाती आला, की तो कोणी व कशासाठी लिहिला हे तपासावे, ही आमच्या विषयाची शिकवण आहे. खोक्यावरचे लेबल हाही एक दस्तऐवजच होय.

एसएमपीएसचे काम प्रथम समजून घेऊ. घरातील वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. संगणकाच्या भागांना १२, ५ व ३.३ व्होल्टची एकदिश वीज लागते. हे रूपांतर एसएमपीएस करतो आणि ते करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. भिंतीतून घेतलेल्या १०० वॅटपैकी ८५ वॅट भागांपर्यंत पोहोचले, तर कार्यक्षमता ८५ टक्के झाली. उरलेले १५ वॅट खोली तापवतात आणि पंख्याचे काम वाढवतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खोक्यावरचे वॅट ही क्षमता आहे. तो खर्च नव्हे. ४५० वॅटचा एसएमपीएस सतत ४५० वॅट ओढत नाही. संगणकाचे भाग मागतील तेवढी वीज आणि तिच्यावरची गळती, एवढेच तो घेतो.

ही गळती पूर्वी फार मोठी होती. अनेक एसएमपीएस घेतलेल्या विजेपैकी ३० टक्के व कधी त्याहूनही अधिक वीज वाया घालवीत. ती रोखण्यासाठी अमेरिकेत २००४ मध्ये ‘८० प्लस’ हा उपक्रम सुरू झाला. क्षमतेच्या २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता असावी, ही त्याची मूळ अट होती. २००७ मध्ये तिचा समावेश तेथील ‘एनर्जी स्टार’ मानकात झाला आणि २००८ मध्ये ब्राँझ, सिल्व्हर व गोल्ड या श्रेणी आल्या. पुढे प्लॅटिनम व टायटेनियम यांची भर पडली. ११५ व्होल्टच्या कसोटीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के, गोल्डला ९० टक्के आणि टायटेनियमला ९४ टक्के कार्यक्षमता गाठावी लागते. आपल्याकडील २३० व्होल्टवर ही कार्यक्षमता सहसा किंचित अधिकच भरते.

मग सर्वांत वरची श्रेणी घ्यावी काय? भावनेने नव्हे, हिशेबाने ठरवू. एका घरगुती संगणकाच्या भागांना सरासरी ६० वॅट लागतात आणि तो वर्षाला १८०० तास चालतो, असे समजू. ७० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस त्यासाठी सुमारे ८६ वॅट घेईल, तर ८५ टक्के कार्यक्षमतेचा सुमारे ७१ वॅट. फरक १५ वॅटचा, म्हणजे वर्षाला २७ युनिटचा. युनिटला १० रुपये दर धरला, तर २७० रुपये वाचतात. वीस संगणकांच्या कक्षात हीच बचत ५४०० रुपयांची होते.

आता ८५ वरून ९० टक्क्यांवर जाऊ. ७१ वॅटचे ६७ होतात. वर्षाला जेमतेम ७ युनिट, म्हणजे ७० रुपये वाचतात. त्यासाठी २००० रुपये जादा मोजले, तर ते वसूल व्हायला अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर तो संगणकच राहणार नाही. दिवसरात्र चालणाऱ्या किंवा भारी ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला वरची श्रेणी शोभते. विद्यार्थ्याच्या घरी प्रामाणिक ब्राँझ पुरेसा आहे.

दुसरी चूक गरजेपेक्षा मोठा एसएमपीएस घेण्याची. क्षमतेच्या १० टक्क्यांखाली भार गेला, की कार्यक्षमता सहसा झपाट्याने घसरते. ६० वॅटच्या कामासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस घेतला, तर तो ८ टक्के भारावरच चालत राहतो. इतक्या कमी भाराची हमी श्रेणीचे चिन्ह देत नाही; टायटेनियमची कसोटीही १० टक्के भारापर्यंतच उतरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर चांगल्या प्रतीचा ३०० ते ४५० वॅटचा एसएमपीएस भागवून नेतो. कार्ड असेल, तर ते बनवणाऱ्या कंपनीने सुचविलेली क्षमता पाहावी.

दुकानात गेल्यावर पुढील क्रम ठेवावा. ठळक आकडा बाजूला ठेवून १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत व बाराने गुणावेत. चांगल्या एसएमपीएसमध्ये हा गुणाकार एकूण क्षमतेच्या जवळ येतो. श्रेणीचे चिन्ह छापलेले असले, तरी त्यावर विसंबू नये. ‘८० प्लस’च्या जाहीर यादीत ते मॉडेल आहे काय, हे मोबाईलवर तिथेच पडताळावे. हमी किती वर्षांची आहे हे विचारावे आणि पक्के बिल घ्यावे. घरी इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल, तर विक्रेत्याला ते सांगावे. पॉवर फॅक्टर सुधारणारे नवे एसएमपीएस काही स्वस्त, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर नीट चालत नाहीत.

शेवटी, सर्वांत मोठी बचत पैसे न मोजता होते. काम संपल्यावर संगणक बंद करावा आणि भिंतीवरचे बटणही बंद करावे. रोज दोन तास विनाकारण चालणारा ७१ वॅटचा संगणक वर्षाला सुमारे ५२ युनिट जाळतो. चांगल्या एसएमपीएसने वाचवलेल्या २७ युनिटच्या हे जवळजवळ दुप्पट आहे.

आमच्या कक्षात आता नवा एसएमपीएस आला, की तो बसवण्यापूर्वी मुलांच्या हाती देतो. बारीक अक्षरे त्यांनी मोठ्याने वाचावीत, गुणाकार फळ्यावर मांडावा आणि मगच स्क्रू आवळावेत, असा नियम आम्ही केला आहे. घामाच्या पैशाने वस्तू घेणाऱ्या माणसाला लेबल वाचता आलेच पाहिजे.