आवाज मोठा नको, स्पष्ट हवा: होम थिएटर रिसीव्हरची सेटिंग्ज

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’, ‘तर’ जरा कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग तुम्ही हेडफोनवर ऐकताय, पण ऐकून झाला की हॉलमध्ये जाऊन रिमोट हातात घ्यायचाय. विषय आहे होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे तो जड काळा डबा, ज्याला सगळे स्पीकर जोडलेले असतात आणि ज्याचा मेनू कुणी उघडत नाही.

अकलूजच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. थोडक्यात सांगतो. “दादा, पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा सेट घेतलाय. गाणी दणक्यात वाजतात, पण सिनेमातलं बोलणंच कळत नाही. आवाज वाढवला की फायटिंगला खिडक्या थरथरतात. आजोबा तर उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. नवीन सेंटर स्पीकर घेऊ का?”

उत्तर आधीच देतो: आत्ता काही घेऊ नका. दहातल्या आठ घरांत असंच असतं असलं काही मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही. पण ही तक्रार सेटिंगची असू शकते आणि सेटिंग बदलायला रुपया लागत नाही. आधी ते करून बघू.

बोलणं का कळत नाही?

बोलण्याचा अर्थ व्यंजनांत असतो. स, श, फ, त, क हे आवाज बारीक, उंच पट्टीचे आणि हळू असतात. स्वर जाड आणि मोठे असतात. वय वाढलं की कान आधी उंच पट्टीचं ऐकणं गमावतात. म्हणून आजोबांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. त्यात सबवूफरचा बास जास्त झाला की उरलीसुरली व्यंजनंही त्याखाली झाकली जातात. अशा वेळी आवाज वाढवला तर बासही तेवढाच वाढतो. मग हाती काय लागलं? काहीच नाही.

म्हणजे घरात एकत्र सिनेमा बघायचा असेल तर आवाज मोठा करून उपयोग नाही, तो स्पष्ट करायला लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ऐकून बघा. कोड डीबग करताना चार बदल एकदम केले की कशाने काय झालं ते कळत नाही, इथेही तसंच.

पायरी १: पाच स्पीकर खरंच वाजतायत का?

विनोद नाही करत. टीव्हीवरून ओटीटी लावता आणि आवाज एचडीएमआय एआरसीने रिसीव्हरकडे येतो, असं गृहीत धरू. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर साध्या एआरसीमधून दोनच चॅनल येतात. तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास थ्रू’ निवडा. मग ५.१ मधला सिनेमा लावून रिसीव्हरचा डिस्प्ले बघा. ‘डॉल्बी डिजिटल’ असं काही दिसलं की समजा गाडी रुळावर आली.

हे महत्त्वाचं का? कारण ५.१ च्या मिक्समध्ये बहुतेक सगळं बोलणं मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतं. तो चॅनल वेगळा मिळाला तरच तुम्ही बोलणं वेगळं वाढवू शकता.

आता वायरी. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एखाद्या स्पीकरची वायर उलटी लागली तर तोही वाजतो, पण त्याचा पडदा बाकीचे पुढे जाताना मागे जातो. बास विरून जातो आणि आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही.

पायरी २: स्पीकर ‘स्मॉल’ करा

मेनूत ‘स्पीकर साइज’ किंवा ‘कॉन्फिगरेशन’ असतं, त्यात ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’. नावाने घोळ केलाय. चांगला मोठा स्पीकर घेतला आणि त्याला स्मॉल म्हणायचं? हो, म्हणायचं. याचा अर्थ एवढाच, की खालचा बास या स्पीकरला न देता सबवूफरकडे पाठव.

कारण साधं आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. चार-पाच इंची पडदा तिथे दमतो आणि दमलेल्या पडद्यातून बोलणंही घोगरं येतं. बासचं ओझं काढून घेतलं की तोच स्पीकर मोकळा होतो.

कुठून तोडायचं, तो आकडा म्हणजे ‘क्रॉसओव्हर’. सुरुवात ८० हर्ट्झपासून करा. अगदी छोटे, मुठीएवढे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १२० किंवा १५० लागेल. ८० च्या आसपास आणि त्याखालचा आवाज कुठून येतोय हे आपल्या कानाला नीट ओळखता येत नाही. त्याची एक लाटच सव्वाचार मीटरच्या वर लांब असते. म्हणून एकच सबवूफर कोपऱ्यात असूनही बास सगळ्या पडद्यावरून आल्यासारखा वाटतो.

दोन बारीक गोष्टी. सबवूफरच्या मागे स्वतःचं क्रॉसओव्हरचं बटण असेल तर ते पूर्ण वर फिरवा, नाहीतर एकच काम दोघं करत बसतात. आणि मेनूत ‘एलएफई’चा लो पास फिल्टर वेगळा दिसला तर तो १२० हर्ट्झवर राहू द्या.

पायरी ३: अंतर

आमच्या वेळापुरात माउलींची पालखी मुक्कामाला येते. लांबलचक दिंडीच्या कडेला उभं राहिलात तर एक गंमत कळते. जवळचे टाळ आणि १०० मीटर मागचे टाळ एकाच ठेक्यात वाजत असले तरी मागचे साधारण ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला यायला वेळ लागतो.

हॉलमध्ये तेच छोट्या प्रमाणात घडतं. मागचा स्पीकर डोक्याजवळ १ मीटरवर आणि पुढचा ३ मीटरवर असेल तर मागचा आवाज जवळजवळ ६ मिलिसेकंद आधी पोचतो. वेगळं ऐकू येत नाही, पण आवाजाची जागा सरकते. म्हणून टेप घ्या, तुम्ही बसता तिथे डोक्याच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत मोजा आणि ‘डिस्टन्स’मध्ये भरा. मग रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवतो.

पायरी ४: पातळी

‘लेव्हल’ मेनूत टेस्ट टोन असतो, खळखळ असा आवाज एकेका स्पीकरमधून येतो. फोनवर साउंड मीटरचं फुकट ॲप घ्या. फोन बसायच्या जागेवर, कानाच्या उंचीला, एकाच दिशेला ठेवा. फोनचा आकडा अचूक असेलच असं नाही, पण आपल्याला तुलना करायचीय. सगळे स्पीकर एकाच आकड्यावर आले की झालं. सबवूफरसाठी मात्र फोनवर विश्वास नको, त्याच्या मायकला खालचे आवाज नीट पकडता येत नाहीत. तिथे कान वापरा. सबवूफर ‘ऐकू’ येत असेल तर तो जास्त आहे. बंद केल्यावर काहीतरी गेलंय असं वाटलं तर तो बरोबर आहे. लग्नाच्या वरातीतल्या डीजेची सवय झालेल्या कानांना पहिले दोन दिवस हे फिकं वाटेल. वाटू द्या.

मग आजच्या भागातलं सगळ्यात कामाचं बटण: सेंटर चॅनल बाकीच्यांपेक्षा २ डेसिबलने वर करा. पुरलं नाही तर ३. बोलणं पुढे येतं आणि फायटिंग आहे तिथेच राहते.

ते सोबत आलेलं माइक

बॉक्समध्ये एक छोटं माइक असतं, बहुतेक वेळा पिशवीतच पडून राहतं. डेनॉन आणि मरांट्झच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये त्या पद्धतीचं नाव ऑडिसी, यामाहात वायपीएओ. रिसीव्हर आवाज सोडतो, माइकने ऐकतो आणि अंतर, पातळी, क्रॉसओव्हर स्वतः ठरवतो. वरच्या दोन्ही पायऱ्यांचं बरंचसं काम यात होतं.

फक्त माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. ट्रायपॉड, नाहीतर पुस्तकांची चवड, कानाच्या उंचीला. आणि पंखा, कूलर, मिक्सर बंद. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी पंखा बंद करा म्हणणं म्हणजे शिक्षाच, म्हणून सकाळी लवकर उरका.

झाल्यावर आकडे तपासा. स्पीकर ‘लार्ज’ ठरवले गेले असतील तर हाताने ‘स्मॉल’ करा. सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं तर मात्र बदलू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

रात्रीचे सिनेमे आणि शेजारी

बऱ्याच रिसीव्हरवर आवाज उणे आकड्यात दिसतो, −३५, −२५ असा. सगळं नीट जुळवलेलं असेल तर ० म्हणजे सिनेमागृहाची पातळी, जिथे एका चॅनलचे सर्वांत मोठे आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातात. घरात तिथे जायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० असेल तर फक्त ४ तास.

आपल्याकडे भिंतीला भिंत लागून घरं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि बास भिंतीतून आरामात पलीकडे जातो. म्हणून रात्री ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’चं कॉम्प्रेशन चालू करा. मोठे आवाज खाली येतात, हळू आवाज वर. दिवसा बंद ठेवा, नाहीतर सगळं सपाट वाटतं.

यूट्यूबवर जुने मराठी सिनेमे बघता तेव्हा आवाज सहसा दोनच चॅनलचा असतो. तिथे ‘स्टेडियम’, ‘हॉल’ असले मोड लावू नका, बोलणं विहिरीतून आल्यासारखं होतं. ‘डॉल्बी सराउंड’ किंवा जुन्या मशीनवर ‘प्रो लॉजिक’ लावा. दोन्ही चॅनलमध्ये सारखं असलेलं बोलणं ते सेंटरकडे पाठवतात.

जे मेनूत नाही

शहाबादी फरशी, प्लॅस्टरच्या भिंती, वर स्लॅब. हॉलच्या मधोमध एक टाळी वाजवा. ‘टर्रर्र’ असा घुमारा आला तर तोच घुमारा प्रत्येक शब्दामागे येतोय. स्पीकर आणि सोफ्याच्या मधे सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा, मागच्या भिंतीवर जाड वाकळ टांगा. पातळ चादरीने फारसा फरक पडत नाही, जाडी लागते. बास मात्र वाकळीनेही अडत नाही, त्यासाठी सबवूफर कोपऱ्यातून थोडा बाहेर ओढा.

सेंटर स्पीकर शोकेसच्या खणात आत ढकललेला असेल तर पुढे, कडेपर्यंत आणा आणि कानाकडे किंचित तिरका करा.

तपासायचं कशावर?

आपल्या जिल्ह्यातलाच घ्या, ‘सैराट’. २०१६ चा, करमाळा भागात चित्रित झालेला. अजय-अतुलने त्याच्या गाण्यांचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. गाण्यात व्हायोलिन्स वेगळी ऐकू येतायत का, आणि संवादांत आपल्या भागातली बोली प्रत्येक शब्दासह कळतेय का, ते बघा. मग शेवट. तिथे पार्श्वसंगीतही नाही. त्या शांततेत सबवूफरची घूं किंवा स्पीकरची सूं ऐकू आली तर अर्थिंग आणि वायरी तपासायची वेळ आलीय.

तर क्रम लक्षात ठेवा: टीव्हीचं आउटपुट, वायरी, माइक, ‘स्मॉल’ आणि ८०, मग सेंटर २ डेसिबल वर. जुने आकडे बदलण्याआधी मेनूचे फोटो काढून ठेवा. एवढं करून आठवडाभर ऐका आणि तरीही बोलणं कळलं नाही, तर नवीन सेंटर स्पीकरचं बघू. त्या वेळी निदान पैसे कशासाठी जातायत ते माहीत असेल.

तुमच्या रिसीव्हरच्या मेनूत काही अडलं तर व्हॉइस मेसेज पाठवा, मॉडेलचं नाव सांगायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!